हंडाभर पाणी आणि जीप

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा संघटनेची जुनी डिझेल जीप चालवायचे. मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्यावर बसून मी वाचायला शिकले. म्हणून पुन्हा इंजिन उघडायची वेळ आली तर जीप भंगारात द्यायची, असं कमिटीने ठरवलं तेव्हा मी भांडले.  जीपबरोबर बाबांचं कामही जाणार होतं, आणि या वयात दुसरी गाडी त्यांच्या हाती कोण देणार?

उन्हाळा लागला तशी जीप तापायला लागली. तलासरीच्या रस्त्यावर चढ आला की काटा लाल रेघेकडे सरकायचा. बाबांनी रेडिएटरची कॅप बदलली, फॅनचा पट्टा ताणून घेतला, होस पाइप चाचपून पाहिले, मसोलीच्या गॅरेजमध्ये रेडिएटरही साफ करून घेतला. खाली एक थेंब गळत नव्हता, तरी पाणी कमी होतच होतं. न गळता जातं कुठे, असं मी विचारलं.

"वाफ होते. उन्हाळा आहे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मे महिन्यात गंजाडपलीकडच्या एका पाड्यावर पाण्यासाठी सभा होती. पत्रक मी लिहिलं होतं. पाणी ही मेहरबानी नाही, हक्क आहे, असं त्यात ठळक छापलं होतं. पाडा दिसायला लागला आणि काटा चढला. बरोबरचे कॅन वाटेतच रिकामे झाले होते. बाबा पाणी मागायला गेले आणि एका बाईला घेऊन आले. तिच्या डोक्यावर हंडा होता. विहीर आटलेली, टेकडीखालच्या झऱ्यावर वाटीवाटीने भरलेलं पाणी ते.

इंजिन निवल्यावर बाबांनी ते हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं. बाई बघत होती.

"पाण्याची सभा घ्यायला आलात ना, दादा? आमच्यापेक्षा तुमची गाडीच जास्त पिते."

ती हसली. बाबाही हसले. मला हसू आलं नाही.

कॅप उघडी ठेवून त्यांनी मला जीप चालू करायला सांगितली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. रेस वाढवली तसे ते वाढले आणि पाणी उसळून मातीत सांडलं. बाबांनी ऑइल मोजायची पट्टी काढून बोटावर पुसली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. इंजिनाचा दाब पाण्यात शिरत होता आणि पाणी ऑइलमध्ये.

घरात अजून एक हंडा आहे, आणते, असं बाई म्हणाली. आम्हाला परत तर जायचंच होतं. मी हो म्हणणार होते.

"नको, ताई. इंजिनाचं हेड गेलंय, उघडावंच लागणार. आता ओतून उपयोग नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ऑइलची पट्टी मी रोज बघत होतो, पोरी, मला माहीत होतं. बंद कर गाडी."

सभा चालू असताना बाबा नेहमी जीपमध्ये बसून राहायचे. त्या दिवशी ते आले आणि सगळ्यांच्या मागे जमिनीवर बसले. मी पत्रक वाचलं. माझा आवाज चढला नाही.

एरवी सभा संपली की माणसं बाबांभोवती जमायची, गंजाडपर्यंत सोडा म्हणायची. त्या दिवशी ती त्यांच्या समोरून चालत रस्त्याला लागली. बाबा बसूनच राहिले.