बंद घराशी बोलणारी मावशी

पायरीमावशी बंद घरांशी बोलायची. गल्लीत कुणी गावाला गेलं, दाराला कुलूप लागलं, की दुपारच्या उन्हात ही बाई पांढरं पातळ सावरत त्यांच्या पायरीवर जाऊन बसणार आणि दाराकडे तोंड करून विचारणार, “काय घरा, बरं हाय न्हवं?” मग थोडा वेळ गप्प. आतून कुणी उत्तर दिल्यासारखी मान हलवायची, डोळे मिटून त्या घरासाठी प्रार्थना करायची आणि गुडघ्यावर हात टेकून उठायची. नवा भाडेकरू हे बघून चरकायचा. आम्हाला सवय होती. साताऱ्यातल्या प्रत्येक गल्लीच्या नशिबी एक चक्रम माणूस असतं, आमच्या वाट्याला हे आलंय, असं मीच पाहुण्यांना हसून सांगायची.

तिचा नवरा ख्रिस्ती देवळात घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा. तो गेल्यावर ती एकटीच कोपऱ्यावरच्या खोलीत राहायची. कानांनी अधू होती. तिच्याशी बोलायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पायरीवर बसली की शेजारी हातभर जागा ती मोकळी सोडायची. एकदा मी तिथं टेकायला गेले तर म्हणाली, “तितं नगं. हिकडं बस.”

“का? कोण येणार आहे?”

“यायचा कशाला? बसलाय की.”

भर बारा वाजताचं ऊन होतं, तरी माझ्या हातावर काटा आला. मी दुसऱ्या बाजूलाही बसले नाही, दूध उतू जाईल म्हणून घरी पळाले.

माझ्या नवऱ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लोक लग्नं लॉनवर करायला लागले, तेव्हा आपणही मागं राहायला नको म्हणून त्यानं सांगलीच्या दोघा सावकारांकडून पैसे उचलले. जनरेटर घेतला, झुंबरं घेतली, नवरा-नवरीसाठी सिंहासनं घेतली. लॉनवाल्यांनी मात्र आपलाच मंडपवाला ठेवला. झुंबरं गोणपाटात पडून राहिली आणि व्याज चढत गेलं. सांगलीची पांढरी गाडी आधी महिन्याला यायची, मग कधीही यायला लागली. तेव्हा आम्ही तेच केलं जे आमच्यासारखे लोक करतात. मुलीला रहिमतपूरला माझ्या माहेरी ठेवलं, दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप घातलं, आणि बोळातून मागच्या दारानं येऊन स्वतःच्याच घरात लपून बसलो.

बंद घरात जगणं ही एक विद्या आहे. फोडणी द्यायची नाही, वास जातो. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. भांडं हातातून पडता कामा नये. “हळू बोल,” हे नवऱ्याचं पालुपद. पुढं पुढं आम्ही खुणांनीच बोलायला लागलो. बाहेर ओट्यावर बायका आमच्याबद्दल बोलायच्या. “भली होती हो माणसं,” म्हणायच्या. होती! मी दाराच्या आड उभी राहून ऐकायची आणि वाटायचं, आपण खरंच गेलो की काय? आरशासमोरून जायची मला भीती वाटायला लागली.

मग एका दुपारी आमच्याच पायरीवर पातळाची सळसळ झाली. “काय घरा, बरं हाय न्हवं?”

आमच्यात दाराच्या फळीएवढंच अंतर. ती नेहमीसारखी गप्प बसली, कुणाचं तरी ऐकल्यासारखं “हं, हं” म्हणाली, आणि प्रार्थना करून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. एरवी मला जिचं हसू यायचं, तिची मी वाट बघायला लागले. नवरा मात्र चिडायचा. म्हातारी आपल्याला पकडून देणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

एका सकाळी सावकारांचा धमकीचा फोन येऊन गेला. दुपारी मावशी बाहेर बसलेली, आम्ही आत भिंतीला टेकून. नवरा माझ्या कानाशी लागला. इतक्या हलक्या आवाजात की मलाच जेमतेम कळलं. “मुलगी तिकडं सुखात आहे. आता आपल्या दोघांना एकच वाट आहे.”

बाहेरून मावशी मोठ्यानं म्हणाली, “ती वाट न्हवं, बाबा.”

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तीन वेळा हाक मारल्याशिवाय जिला ऐकू येत नाही, ती बाई! मग ती दाराच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “कुलूप भायेरनं हाय. ते आतनं निगायचं न्हाई. किल्ली द्या माज्याकडं.” मी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर धीर झाला नसता. खिडकी बोटभर उघडली आणि किल्ली बाहेर टाकली.

दार उघडलं आणि ऊन आत आलं. मावशी उंबऱ्यावर बसली, शेजारची जागा सोडून. “दार लावायचं न्हाई आता,” एवढंच म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अगदी लहान पोरीसारखी रडले.

पांढरी गाडी आलीच. उतरलेल्या दोघांना तिनं बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, “पैसं तुमचं हाईत, ते मिळायलाच पायजेत. पर मेलेली माणसं हप्ता भरत न्हाईत. कसं करायचं, तुमीच सांगा.” ते मघापासून तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. त्यांना तिथं काय दिसलं देव जाणे, पण आवाज चढवायला आलेली माणसं खालच्या सुरात बोलून गेली. जनरेटर विकला, झुंबरं विकली. उरलेल्याचा हप्ता ठरला. तो अजून चालू आहे. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

आम्ही आत आहोत हे कळलं कसं, असं मी विचारलं तेव्हा मावशी खुदकन हसली. “दाराला कुलूप, आन तुळस हिरवीगार!” पहाटे बोळातून पुढं येऊन दारापुढच्या तुळशीला पाणी घालायचं मी एक दिवस चुकवलं नव्हतं. सावकाराच्या नजरेला ती कधी दिसली नाही, ख्रिस्ती बाईला दिसली. पण नवऱ्याचं ते कुजबुजणं? “म्या कुटं काय ऐकलं? बोल म्हनलं, तसं बोलले.” कोण म्हणालं, ते मी विचारलं नाही.

बंद घरांचं कारण तिनं एकदाच सांगितलं. “सांगलीला माजा भाऊ असाच कर्जात बुडाला. भेटाया गेले तर दाराला कुलूप. गावाला गेला आसंल म्हून माघारी फिरले. त्यो आतच हुता, बायकूबी. दुसऱ्या दिशी दार फोडलं.” त्यानंतर ती बराच वेळ पदर चाचपत राहिली.

रविवारी मी तिच्याबरोबर देवळात जायला लागले. माहेरची माणसं बिथरली. मावशीनं मला कधी ये म्हटलं नव्हतं. तुळशीचं काय करू, असं विचारलं तर म्हणाली, “पानी घाल. तिचं काय चुकलंय?” आणि देव कर्ज फेडतो का, यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. “फेडत न्हाई गं. कर्जदाराशेजारी बसतो.” मला तेवढंच हवं होतं. नवरा मला सोडायला यायचा, पण फाटकाबाहेर स्कूटरवरच बसून राहायचा.

गेल्या हिवाळ्यात तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या सकाळी आम्ही दोघं तिच्या खाटेशी होतो. तिनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे छतावर काहीतरी शोधत होते. “पोरी, आज मला कायबी ऐकू येईना. आतलंबी न्हाई. भ्या वाटतंय गं.”

मी तोवर कधी तोंडानं प्रार्थना केली नव्हती, मनातल्या मनात पुटपुटायची. पण तिला ऐकू जायला हवं होतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि सुचेल तसं, अडखळत, रडत, मोठमोठ्यानं प्रभूला हाका मारायला लागले. हिला एकटं सोडू नकोस म्हणून अक्षरशः ओरडत होते. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. सिस्टर धावत आली, “अहो बाई, हळू!”

खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला माझा नवरा पुढं झाला.

“बोलू द्या तिला,” तो म्हणाला.