मोरीच्या पाण्यावरचं अळू

लग्नानंतर चेन्नईजवळच्या आवडी गावाला आले तेव्हा मला दिवस गेले होते आणि खायची वासना एकाच गोष्टीवर होती, अळूवडीवर. माझं माहेर पेणचं. तिथे परसात अळू कुणी लावत नसे, ते आपलं आपण यायचं. आवडीला ह्यांची नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, राहायला तळमजल्याचं सरकारी क्वार्टर, आणि बाजारात अळूचं पान औषधालाही नाही. भाजीवाल्याकडे अळकुड्या मात्र ढिगाने. पान कुठे मिळेल, म्हणून मी खुणांनी विचारलं तर तो हसला. पान गाय खाते, माणसं कंद खातात, असं त्याचं म्हणणं.

मग मी अळकुड्याच घेऊन आले आणि क्वार्टरच्या मागे, कपडे धुवायच्या दगडापाशी पुरल्या. कोंब आले, चिमुकली पानंही उलगडली. पण त्या उन्हाने चार दिवसांत त्यांच्या कडा करपल्या. मी रडकुंडीला येऊन बघत होते, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून आवाज आला.

"उन्हांत कां लावलीस गे? केळीच्या सावलीत लाव की."

आधी मला वाटलं, आपल्याला भास झाला. बोलणाऱ्या बाईंच्या दोन्ही नाकपुड्यांत चमक्या होत्या, डोक्यात मोगऱ्याचा गजरा, आणि आदल्याच दिवशी मी त्यांना दूधवाल्याशी तडातडा तामिळ बोलताना ऐकलं होतं. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते गेलेच. घरात ही मराठी उरली होती, तामिळच्या हेलात बोललेली. 'सगळं' म्हणायचं तर त्या 'असकं' म्हणत, 'लवकर'ला 'लोकर'. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणू लागले.

मामींनी स्वतःच्या केळीच्या बुडाशी फुटलेला एक मुनवा काढून मला लावायला दिला. केळ वाढली तशी तिच्या पायाशी मी अळकुड्या पुन्हा लावल्या. ती पाण्याच्या ओढगस्तीची वर्षं होती. टँकर यायचा, आम्ही सगळ्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या. झाडांना चांगलं पाणी घालायची सोयच नव्हती. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, अंघोळीचं, सगळं पाणी आम्ही मोरीतून चर काढून केळीच्या आळ्यात सोडलं. मामी आपल्या घरचं पाणीही बादलीने भिंतीवरून द्यायच्या. त्यांच्याकडे हळद होती, रुंद पानांची, पोंगलच्या सणाला मडक्याला बांधायला राखलेली. मग तीही माझ्याकडे आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच हिरवं झालं.

अळूचं पान हाताएवढं होईतो माझे डोहाळे संपून लेक कुशीत आली होती. तरी ज्या दिवशी पान सुपाएवढं झालं, त्या दिवशी मी वड्या केल्या. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पान खायचं? घसा धरेल गे."

"चिंच घातलीय, मामी. नाही धरत."

धरला. दोघींचाही. ते अळू कंदासाठीचं, खाजरं. आम्ही मिठाच्या गुळण्या करत हसत सुटलो. पुढच्या वेळी मामींनीच चिंचेचा दाट कोळ करून दिला आणि वड्या साधल्या. खाता खाता त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलखांत असकी हे खातात?"

त्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या आईने नाही, आजीने नाही. पण घरात कुणी म्हातारं माणूस बोलायला लागलं की 'आपला मुलुख' यायचाच. तिथे कुणाशीही बोललं तरी आपली भाषा, हे त्यांना फार अपूर्वाईचं वाटे. दुपारी केळीच्या सावलीत बसून त्या मला विचारायच्या, तिकडे माती कसली, भात कुठला, बायका दारात काय काढतात. मी सांगायचे आणि सांगता सांगता मलाच पेण फार आठवायचं.

लेक चालायला लागल्यावर मी माहेरी निघाले, तेव्हा मामींना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." त्यांनी लगेच नवं लुगडं काढलं. गाडीत त्या रात्रभर खिडकीशी बसल्या होत्या. सकाळी स्टेशनांवरच्या मराठी पाट्या आणि चहावाल्याची हाक ऐकून त्यांचे डोळे भरले.

पेणच्या बाजारात अळूच्या जुड्या रचलेल्या पाहून त्या माझा हात सोडून पुढे झाल्या. भाजीवालीला म्हणाल्या, "अगो, दोन जुड्या दे. लोकर दे."

तिने वर पाहिलं. त्यांच्या नाकातल्या चमक्या, त्यांचा हेल. आणि चांगुलपणाने, हळूहळू, हिंदीत म्हणाली, "अम्मा, ये कच्चा मत खाना. पकाके खाना."

 मीच घाईने म्हटलं, "अहो, ह्या मराठीच आहेत." भाजीवाली ओशाळून हसली, वर एक जुडी जास्त घातली. मामींनी जुड्या उचलल्या आणि माझ्या मागून चालू लागल्या.

संध्याकाळी माझ्या आईच्या परसात आम्ही तिघी बसलो होतो. अळू नुसतं माजलं होतं, कुणी न लावलेलं, कुणी पाणी न घातलेलं. आईने त्यांना आग्रह केला, आणखी आठ दिवस राहा. मामी त्या पानांकडे बघत म्हणाल्या, "तिथं आम्हाला रायर, म्हणजे मराठी लोक, म्हणून वेगळं काढतात. इथं अम्मा म्हणतात. आतां कुठलं घर म्हणायचं?" मग मला म्हणाल्या, "तुझ्या घरचे झाडांना पाणी घालतात ना गे? विसरले असतील. घराकडं लोकर जाऊं."

आई हसली. मला हसू आलं नाही, कारण आदल्या रात्री मीही तेच मनात आणलं होतं. ज्या परसासाठी इतकी झुरले, तिथे बसून माझं चित्त आवडीच्या मोरीपाशी होतं. आम्ही लवकर परतलो. मामींनी कुलूप काढण्याआधी पिशव्या दारात ठेवल्या आणि तशाच मागे गेल्या. केळीला केळफूल आलं होतं. त्याच्यावर हात ठेवून त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

काही वर्षांनी ह्यांची पुण्याला बदली झाली. सगळे म्हणाले, बरं झालं, आपल्या माणसांत आलात. मलाही तसंच वाटायला हवं होतं. निघायच्या दिवशी मामींनी डबा भरून दिला आणि 'जाते' म्हणू दिलं नाही, 'येते' म्हणायला लावलं.

पुण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत कुंडीतलं अळू तळहाताएवढं होतं आणि थांबतं. त्याला पसरायला जागा नाही, आणि फरशीवरून मोरीचं पाणी सोडलं तर खालचे लोक भांडायला येतात. अळूची जुडी खाली कोपऱ्यावर मिळते. मी ती आणते, वड्या करते, सगळे आवडीने खातात. मला मात्र दुपारी कामं उरकली की ते करपवणारं ऊन, ओल्या मातीचा वास आणि दोन्ही घरांचं पाणी एका चरात मिसळताना व्हायचा तो आवाज हवासा वाटतो.

मामीही आता तिथे नाहीत. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना चेन्नईतच अंबत्तूरच्या फ्लॅटवर नेलं. मधूनमधून फोन करतात. गुडघे दुखतात, नातवंडं इंग्रजीतच बोलतात, असं सांगतात. मागच्या वेळी मी विचारलं, "खाली काही लावायला जागा आहे का हो, मामी?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "जिन्याच्या खिडकींतून माती दिसते. उतरवत नाही गे."