पंपापुढे ‘चालू’ कोणी लिहिलं?

ती केस आठवली की अजूनही हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत गुन्हा नाकारणारे रोज भेटतात. एकाच गुन्ह्यासाठी दोन माणसं ठाण्यात येऊन ‘मीच केलं’ म्हणून हटून बसतात, असं मात्र मी एकदाच पाहिलं.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात, सेलूच्या बाजूला ठाणेदार होतो. कापसाचा हंगाम संपत आला होता. हद्दीतल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या ढिगाला आग लागली आणि आग विझवायचा पंप सुरूच झाला नाही. बादल्यांनी पाणी मारताना एका मजूर बाईचे दोन्ही हात भाजले. आम्ही पंचनामा केला, फोटो काढले. पंप आधीपासूनच नादुरुस्त होता, असं मेकॅनिकनं सांगितलं. पण कारखान्यानं सुरक्षा तपासणीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यात त्याच पंपापुढे लिहिलेलं होतं, ‘चालू’.

लगेच ठाण्यात निनावी फोन आला. “ऑफिसातल्या पोरीनं कॉम्प्युटरात फेरफार केला. तिले धरा.” निनावी फोनचं मला नेहमी नवल वाटतं. नाव सांगायची हिंमत नसते, पण आरोपी कोण हे पक्कं ठाऊक असतं. तरी फोन आला म्हणजे चौकशी आलीच.

मुलगी आंजी गावची, नुकतीच नोकरीला लागलेली. तपासणीची जुनी माहिती एक्सेलच्या शीटमध्ये होती. ती नीट करून सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम तिच्याकडे होतं. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारलं, “पंपापुढे ‘चालू’ कोणी लिहिलं?”

“मीच लिहिलं.”

“कोणी सांगितलं?”

“कोनीच नाई.”

“मग का लिहिलं?”

ती ओढणीचं टोक पिळू लागली. खोटं रेकॉर्ड तयार केल्याचं कलम लागलं तर अटक होईल, नोकरी जाईल आणि पुढची प्रत्येक वाट बंद होईल, हे मी तिला समजावून सांगितलं. डोळे भरले, पण ‘मीच लिहिलं’ हेच तिचं पालुपद राहिलं. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती, एवढं माझ्या लक्षात आलं.

दुपारी ते ‘कुणीतरी’ स्वतःच हजर झाले. जिनिंगचे सुपरवायझर, निवृत्तीला टेकलेले, खिशात पेनांची रांग. अख्खा कारखाना त्यांना काकाजी म्हणायचा. मूळ शीट त्यांनी तयार केलेली होती.

“साहेब, पोरीले सोडा. मीच तिले ‘चालू’ लिहाले सांगतलं होतं.”

“कोणत्या रकान्यात?”

“तो... शेवटचा नाई का?”

शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही होती. नोकरीत मी अट्टल खोटारडे पाहिले, पण इतकं गचाळ खोटं बोलणारा माणूस पाहिला नाही. मी आवाज चढवला. “काकाजी, तुम्ही दोघं मिळून माझा तपास बुडवता आहात!” असं म्हणून त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती.

बाहेर आमचा कूलर होता. त्याला हात लागला की झटका बसायचा. सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलायचं नाही. थोड्याच वेळात हवालदार ओरडला, “ओ काकाजी! सरकारी कूलरले काय करून राह्यले?” मी बाहेर आलो. काकाजींनी प्लग काढून ठेवला होता आणि खिशातून लाल कापडाची चिंधी काढून वायरला गाठ मारत होते.

“हे काऊन?” मी विचारलं.

“करंट मारते साहेब. आमच्या जिनिंगमंधी वस्तू बिघडली का लाल चिंधी बांधतो. मंग कोनी हात लावत नाई. लिहिता-वाचता येवो का न येवो, समजते सगळ्याइले.”

मी लगेच विचारलं, “आणि शीटमध्ये काय करत होता?”

“तिथं बी तेच. बिघडलेल्या वस्तूची ओळ लाल करत होतो.”

“शब्दांत काही नाही?”

“लाल केल्यावर अजून काय लिहा लागते?”

जप्त केलेल्या कॉम्प्युटरवर त्यांची मूळ फाइल उघडली. ती शीट होती की रांगोळी, हा प्रश्न पडावा. निळं शीर्षक, हिरव्या रेघा, एकाआड एक पिवळ्या ओळी. त्यात पंपाची ओळ लालभडक, आणि स्थितीचा रकाना रिकामा. मी मुलीला आत बोलावून ते दाखवलं.

“मले वाटलं काकाजीले रंगाची हौस हाय,” ती हळूच म्हणाली. सॉफ्टवेअरवाल्यांची सूचना होती की फाइल साधी हवी, रंग नको, एकही रकाना रिकामा नको. तिनं सगळे रंग पुसले. इतर ओळींत काकाजींनी ‘नळी बदलली’, ‘तेल दिलं’ असं लिहिलं होतं. जिथं काही लिहिलं नाही तिथं काही बिघाड नाही, असं धरून तिनं ‘चालू’ भरलं. ती ऑफिसात बसायची. मशीनकडे कधी गेलीच नव्हती, त्यामुळे चिंधीचा रिवाज तिला ठाऊक नव्हता.

“मग हे सकाळीच का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं तर म्हनले असते, काकाजीनं रकाना भरला नाई. रिटायर होऊन राह्यले ते.”

काकाजी रडायलाच लागले.

आता घटनास्थळाचे फोटो मी पुन्हा पाहिले. पंपाच्या दांड्याला लाल चिंधी स्पष्ट दिसत होती. पंप मॅनेजरच्या खोलीसमोरच होता. काकाजींनी त्याला तोंडीही सांगितलं होतं. हंगाम संपल्यावर बघू, असं म्हणून त्यानं दुरुस्ती टाळली. सॉफ्टवेअरच्या अहवालात पंप ‘चालू’ दिसल्यावर त्याला आयतंच फावलं आणि तो गप्प बसला. निनावी फोन त्याच्या मेहुण्याच्या नंबरवरून आला होता, हे कळायला फार अक्कल लागली नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा मॅनेजरवर दाखल झाला.

मुलीचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा होता. काकाजी मला बाजूला घेऊन विनवू लागले, “साहेब, तिनं स्वताच्या मनानं भरलं, एवढी ओळ गाळा ना.” तिनं ते ऐकलं. “नाई काकाजी,” ती म्हणाली, “मी न इचारता भरलं. जे झालं ते लिहू द्या.” मी तसंच लिहिलं.

तेव्हापासून चौकशीला बसलेल्या माणसाला ‘खरं बोलतोस का’ हे मी जरा उशिरा विचारू लागलो. पहिला प्रश्न असायचा, ‘तू काय धरून चाललास?’ दोन सच्ची माणसं आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तरी मधल्या जागेत एखाद्याचे हात भाजतात. माणूस दुसऱ्यासाठी किती सहज अंगावर घेतो, हेही तिथंच पाहिलं, आणि त्या दोघांबद्दल मला आजही माया वाटते.

भाजलेल्या मावशीचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा मुलगी हट्टानं सोबत आली. खाटेजवळ उभी राहून तिनं सगळं सांगितलं. फाइल, रंग, ‘चालू’, काहीच लपवलं नाही. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुह्या कॉम्प्युटरात काय होतं ते मले काय मालूम, माय? मी तं चिंधी पाहूनच बादली उचलली होती.” मग तिनं विचारलं, “तो पंप सुरू झाला का? माह्या जागेवर आता दुसरी कोनी उभी असन.”

“झाला मावशी. मी सोता जाऊन सुरू करून पाह्यला. पानी आलं.”

“मंग रडतं काऊन? बस इथं. मले चहा पाज. माह्या हातानं कप धरवत नाई.”

मुलीनं डोळे पुसले, चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून बशी मावशीच्या ओठांना लावली.