घरचं कोणी हाये का?

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बापूसाहेब वकिलांनी वाशीमच्या हाशमभाई पुकाऱ्यांना फसवलं. भर दुपारी, कोर्टाच्या आवारात, सगळ्या बाजारादेखत फसवलं. त्या लिलावात मी स्वतः बोली लावत होतो, म्हणून हे लिहिण्याचा हक्क माझा आहे. लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून द्या. सोडून देऊन मी आयुष्यात काही मिळवलेलं नाही.

आधी हाशमभाई कोण ते सांगतो. जप्तीचा किंवा भाऊबंदकीच्या वाटणीत अडकलेला माल कोर्टातून लिलावात निघे, तेव्हा तो पुकारण्याचं काम त्यांचं. उंच, वाळका माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, हातात पितळी घंटा. घंटा वाजवायची, वस्तू वर धरायची आणि म्हणायचं, "पयले घर ऐका, मंग भाव बोला." ती वस्तू कोणाच्या घरची, कोणी घडवली, कोणत्या लग्नात आली, कोण ती रोज वापरायचं, हे सगळं खणखणीत आवाजात सांगायचं आणि मगच बोली उघडायची. ही माहिती काढायला ते आधी त्या घरी जाऊन ओट्यावर बसत. रडणाऱ्याला रडू देत, शिव्या देणाऱ्याला देऊ देत, आणि चहा आला तर पीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेलूबाजारात फुटक्या भांड्यांची मोड गोळा करत हिंडत होतो. टोपली डोक्यावर आणि राग नाकावर. वाशीमच्या लिलावात स्वस्तात काही मिळेल म्हणून गेलो, तर हे एक घोड्याच्या आकाराचा अडकित्ता हातात घेऊन बोलतच सुटलेले.

"ओ चाचा, भाव बोला ना! पुराण कायले सांगून राह्यले?" मी मागून ओरडलो.

ते थांबले. मान उंच करून मला शोधलं. "कोठचा तू?"

"शेलूबाजारचा."

"शेलूबाजार, तुले मोड पाह्यजे का वस्तू? मोड पाह्यजे असन त तिकडं काट्यावर जाय. इथं राह्याचं असन त कान उघडे ठेव, तोंड उघडाले मी हाये."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. नुसत्या रागाने मी तो अडकित्ता सगळ्यांच्या वर बोली लावून घेतला आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या. पण अकोल्याला एका हौशी शेटजींना तो दाखवताना हाशमभाईंची हकीकत मी शब्दाला शब्द सांगितली. गावातल्या प्रत्येक लग्नाची सुपारी याच अडकित्त्याने कातरली जायची, आणि कातरणारी बाई इतकी मानाची, की ती आल्याशिवाय विडे लागत नसत. शेटजींनी घासाघीस केली नाही. मी मनाशी म्हटलं, अरे, हा म्हातारा मोडीची वस्तू करून राह्यलाय! त्यानंतर मी टोपली उतरवली आणि जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. आज लोक मला शेठ म्हणतात. हाशमभाई मात्र अखेरपर्यंत 'शेलूबाजार'च म्हणत.

त्यांचा एक रिवाज होता. तिसरी पुकार देण्याआधी ते खरीदारांकडे पाठ फिरवायचे, फाटकाकडे तोंड करायचे आणि हाक द्यायचे, "घरचं कोणी हाये का?" ज्या घरची वस्तू, त्या घराचं कोणी, किंवा त्या घराच्या वतीने कोणी 'घरासाठी' म्हटलं, की बोली तिथेच बंद. शेवटच्या भावाला वस्तू त्याची. मग समोर कितीही मोठा सावकार असो, पुढे कोणी तोंड उघडायचं नाही.

एकदा नव्या नाझराने, म्हणजे लिलावावरच्या कोर्टाच्या अधिकाऱ्याने, टोकलं, "हाशम, हे कायद्यात कुठे आहे?"

"कायद्यात नाई, साहेब. बाजारात हाये. पाह्यजे त तुमी वर बोला, मी पुकारतो."

नाझराने आवारातल्या माणसांकडे पाहिलं आणि पान खायला सुरुवात केली.

कारंज्याचे एक शेट एका शिसवी पाळण्यासाठी इरेला पेटले होते. हाक गेली आणि गर्दीच्या मागून एका बाईचा आवाज आला, "घरासाठी." पाळणा तिच्या माहेरचा होता. शेटनी हात खाली घेतला, पण जाताना हाशमभाईंना भावावर मिळणाऱ्या दलालीवरून टोमणा मारलाच, "तुही दस्तुरी बुडाली ना रे म्हाताऱ्या? आणखी चढलो असतो मी."

"बुडाली ना," हाशमभाई म्हणाले. "पन शेटजी, उद्या मी हाक देली आन कोनी आयकलीच नाई, त मंग दस्तुरी काय चाटाची हाये?"

मी तेव्हा हसलो होतो. मला वाटलं, म्हातारा उगाच मोठं बोलतो.

मग धनजच्या पाटलांच्या दोघा भावांची वाटणी कोर्टात गेली आणि घरचा सगळा सामाईक माल लिलावात निघाला. त्यात एक तास होता. तास म्हणजे टांगून हातोड्याने वाजवायची काशाची जाड थाळी. पाटलांच्या दारातल्या तुळईला ती टांगलेली असे. आग लागली, महामारी आली, नाल्याला पूर आला, की ती वाजे आणि गाव गोळा होई. मालकी पाटलांची, पण धाव घ्यायला शिकवलं होतं तिने सगळ्या गावाला, म्हणून सगळं गावच तिचं घर.

तिच्यावर एक खोल पोचा होता. मी आधीच बाजारात पुडी सोडली होती, की ती पेंढाऱ्यांच्या गोळीची खूण आहे. शहरातल्या माणसांना गोळी आवडते. हाशमभाईंनी तास वर धरला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "शेलूबाजार म्हंते ही गोळी हाये. धनजचे लोक म्हंतेत मुसळ हाये. वाड्यात आग लागली तवा हातोडा सापडला नाई, म्हनून पाटलाच्या सुनेनं मुसळानं वाजवली आन गाव वाचवलं. मी धनजच्या लोकायचं सांगतो." पुन्हा सगळे माझ्यावर हसले.

धनजची चार माणसं फाटकापाशी उभी होती. त्यांचा म्हातारा सखाराम 'घरासाठी' म्हणणार होता. पण बापूसाहेब त्यांना आवारातच भेटले. म्हणाले, "कोर्टाचं काम आहे, तुम्ही अडकाल. तुमच्या वतीने मी बोलतो. पैसे सुगीला द्या." वकील माणूस, चांगला कोट घातलेला. त्यांनी विश्वास ठेवला.

मी आणि दोघे-तिघे चढत गेलो. तो तास मला हवाच होता. हाशमभाई फाटकाकडे वळले. "घरचं कोणी हाये का?"

बापूसाहेब पुढे आले. "घरासाठी. धनज गावाच्या वतीने."

हाशमभाईंनी सखारामकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मी, जो तांब्याच्या तुकड्यासाठी भांडतो, तो गप्प बसलो. घंटा वाजली आणि बोली बंद झाली.

तास धनजला पोचला नाही. सुगीनंतर सखाराम पैसे घेऊन मालेगावला गेला, तर बापूसाहेब म्हणाले, "लिलाव माझ्या नावावर झाला, माल माझा होता, मी विकला." पुढे मी तो नागपूरला एका बंगल्यात माझ्या डोळ्यांनी पाहिला. जेवणाची वेळ झाली की नोकर तो वाजवत होता, आणि यजमान पाहुण्यांना पेंढाऱ्यांची गोळी दाखवत होते. मी वाटेल तो भाव देऊ केला. ते ऐकेनात.

बाजारात कुजबूज वाढली तेव्हा बापूसाहेबांनी आणखी एक केलं. म्हणाले, "पुकाऱ्याला त्याचा वाटा पोचलाय." यानंतरच्या लिलावात एका माणसाने भांड्यांच्या जोडीसाठी 'घरासाठी' म्हटलं, तर मागून कोणीतरी ओरडलं, "कोनाच्या घरासाठी बे? वकिलाच्या का हाशमच्या?" सगळं आवार हसलं. बोली पुढे चालू राहिली.

हाशमभाईंनी तो लिलाव पुरा केला. मग घंटा रुमालात गुंडाळली आणि बैलगाडीने धनजला गेले. मीही बरोबर होतो. रिकाम्या तुळईखाली उभे राहून ते म्हणाले, "हाक माही होती. तुमी मले बोला."

सखाराम म्हणाला, "हाशमभाई, तुमी आयकलं तेच आमी आयकलं. तुमाले काय बोलाव? बसा, भाकर खा."

ते बसले नाहीत. रुमाल सोडला, घंटा काढली आणि म्हणाले, "लहान हाये. पन हिनं कधी खोटं बोलावलं नाई कोनाले." सखारामने ती तुळईला बांधली. हाशमभाईंनी त्यानंतर कधीही पुकारलं नाही. मी रागावलो, विनवलं, माझ्या दुकानात बसा म्हटलं. "शेलूबाजार," ते म्हणाले, "तू आता सांगतो ना घर? खरं सांगतो ना? मंग माह्यं काय काम?" मी खरंच सांगतो. आमच्या भागात वस्तूची खरी हकीकत सांगून विकणारा दुकानदार मी आहे, आणि ते मला त्या माणसाने शिकवलं, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

ते वारले त्या सकाळी मी धनजला माणूस पाठवला. गावाने घंटा वाजवली. आग समजून लोक शेतातून धावत आले, कळलं तेव्हा तसेच हातपाय न धुता गाड्या जुंपून वाशीमला आले. जनाजा उचलला तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मालेगावहून कोणी आलं नव्हतं.

बापूसाहेब, तुम्ही अजून हयात आहात, कोट घालता, कोर्टात जाता. त्याच आवारात उभे राहा आणि सांगा की हाशमभाईंनी तुमच्याकडून एक पैसा घेतला नव्हता. पहिली पुकार मी तुमच्या दारात येऊन दिली, तुम्ही खिडकी लावून घेतली. दुसरी भर बाजारात दिली, तुम्ही ऐकलं नाही असं दाखवलं. ही तिसरी. धनजच्या वतीने तुम्ही बोलला होतात, तेव्हा आता धनजला उत्तर द्या. फाटकाकडे तोंड करून मी विचारतो आहे, घरचं कोणी हाये का?