चार बोटांचा पत्ता

पत्ता सांगायचा म्हटलं की तो उजवा हात वर करायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि चार बोटं समोर धरायचा. "चार आकडे, मधे तीन टिंबं. पहिली तीन बोटं म्हणजे गाव, करंगळी म्हणजे घर. संपला इंटरनेटचा पत्ता." कुणी अंगठ्याचं विचारलं तर म्हणायचा, "तो नेटवर्कच्या बाहेर हाय."

महाडच्या बाजारपेठेत मी बातम्या लिहायला बसायचो त्या खोलीच्या खाली त्याचं दुकान होतं. मूळचा तुडीलचा. आधी तो केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, मग त्याच वाटांनी इंटरनेट ओढू लागला. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत त्याचे ग्राहक होते. सगळे त्याला नेटवाले भाऊ म्हणत.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. राउटर लावून झाला की चहा घेतो आणि कुणी न विचारता शिकवायला बसतो. याचे धडे दोन. पहिला आतल्या पत्त्याचा. घरातल्या मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला राउटर आपापले आकडे वाटतो. शेजारच्या घरातही बहुधा तेच आकडे असतात आणि कुणाचं काही अडत नाही. "घराघरात एकेक बाबा असतोच ना? तुमच्या पोरानं हाक मारली तर शेजारचे बाबा ओ देतात काय?"

दुसरा धडा बाहेरच्या पत्त्याचा. जगाला दिसतो तो पत्ता त्याच्या ग्राहकांच्या मालकीचा नसे. "ती एसटीची सीट हाय. लाईट गेली, राउटर बंद पडला, की तुम्ही उतरलात. सीट दुसऱ्याला. लाईट आली की मिळेल त्या सीटवर बसा." आमच्या भागात लाईट किती वेळा जाते हे वेगळं सांगायला नको. दुकानातल्या यंत्रात दिवसभर ही चढउतार चालायची आणि कोण कधी चढला, कधी उतरला, हे यंत्र टिपून ठेवायचं.

तरी त्याला पाठांतराची हौस होती. दुकानात ग्राहक आला की स्क्रीनकडे न बघता तो त्याचा आकडा म्हणून दाखवायचा. चढणाऱ्याला पुष्कळदा जुनीच सीट परत मिळायची, त्यामुळे बहुतेक वेळा बरोबर निघायचा. लोक हसायचे, तोही खूश व्हायचा.

एका दुपारी हवालदार आले. एका मुलीला खोट्या खात्यावरून घाणेरडे मेसेज आले होते. मेसेज जिथून निघाले तो पत्ता हवालदारांच्या कागदावर होता, वेळेसकट. मी खाली चहाला बसलो होतो.

"काय नेटवाले, हा कुणाचा?"

आकडा ऐकताच चार बोटं वर झाली. "हा होय? उमरठच्या वाटेवर राहतात ते गुरुजी. पाठ हाय मला."

वेळ त्याने विचारली नाही, हवालदारांनी सांगितली नाही. चहा संपवून ते गेले.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, भाड्याचं घर. दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना त्यांना शाळेतून नेलं. ठाण्यात ते एकच वाक्य बोलत राहिले. "त्या संध्याकाळी आमच्या वाडीत लाईटच नव्हती हो."

बातमीसाठी मी ठाण्यात गेलो होतो. ते वाक्य ऐकून परतलो आणि दुकानात सांगितलं. तो वायर सोलत होता. पकड खाली ठेवून त्याने यंत्रातली त्या संध्याकाळची नोंद काढली, आणि अनवाणीच मोटारसायकलला किक मारली. वाडीचा ट्रान्सफॉर्मर बंद पडला होता. गुरुजींची सीट रिकामी होऊन भलत्याच वाडीतल्या घराला गेली होती.

"चूक माझी हाय, साहेब," तो ठाण्यात म्हणाला. "तिथं नेहमी कोण बसतं ते मी सांगितलं. तेव्हा कोण बसलं होतं ते नाय बघितलं."

गुरुजींना त्याच संध्याकाळी सोडलं. पुढे खरा माणूसही सापडला. ताब्यात घेतल्याची बातमी मी दिली होती, निर्दोष असल्याचीही दिली. लोकांनी वाचली ती पहिलीच.

शाळेत काही पालक मुलींसाठी दुसरा शिक्षक मागू लागले. हे कळल्यावर त्याने रविवारचं दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. गुरुजींच्या भागातल्या घराघरात जाऊन तो ओटीवर बसायचा, चार बोटं वर धरायचा आणि पहिल्यापासून समजावायचा. आकडे, टिंबं, गाव, घर, एसटी, सीट. एकदा मी सोबत होतो. एका आजीने सगळं मन लावून ऐकलं.

"म्हंजे गुरुजी एसटीत व्हते?"

"नाय गो आजी. गुरुजी उतरले होते. त्यांच्या सीटवर दुसराच बसला."

"मंग पोलिसांनी कंडक्टरला का नाय धरलं?"

सुनेने तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं. तो हसला नाही. "बरोबर हाय आजी," तो म्हणाला. "कंडक्टरलाच धरायला हवं होतं."

काही रविवार असे गेले. मग एका संध्याकाळी गुरुजी दुकानात आले. त्याने खुर्ची पुढे केली.

"बसत नाही. एक विनंती आहे. आता समजावणं थांबवा."

"असं कसं गुरुजी? लोकांना कळायला नको, की तुमचा काय दोष नाय?"

"खालच्या वाडीला काही माहीतच नव्हतं. तुम्ही जाऊन आलात. काल तिथली एक बाई माझ्या मुलीला विचारत होती, गो, तुझ्या बाबांना कशासाठी नेलं होतं?"

त्याचा हात सवयीने अर्धा वर आला होता. तो त्याने मांडीवर ठेवला.

गुरुजींनी बदली मागून घेतली. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. एका सकाळी दुकानाच्या शटरला पिशवी अडकवलेली दिसली. आत त्यांचा राउटर होता, वायर नीट गुंडाळून.

त्यानंतर तो राउटर लावायचा, चालतोय ना विचारायचा आणि निघायचा. चहाला थांबत नसे. ग्राहकाचा आकडा म्हणून दाखवणं बंद झालं. चौकशीला कुणी आलं तर स्क्रीन त्यांच्याकडे वळवून म्हणायचा, "तुम्हीच वाचा. वेळ बघून वाचा."

मागच्या वर्षी त्याने वायरी, खांब, ग्राहक, सगळं दुसऱ्याला दिलं. आता खाली नवी मुलं बसतात. फोन केला तर तक्रार क्रमांक देतात. तुडीलला राहायला जाण्याआधी तो जिना चढून वर आला होता. दारातच थांबला. ही आमची शेवटची भेट.

"गुरुजी हल्ली कुठं असतात, कळलं काय तुला?"

मला कामानिमित्त कळलं होतं. शाळा, गाव, घराची खूण. हो म्हणून मी सांगायला लागलो, तेवढ्यात त्याने हात वर केला. तळवा पूर्ण उघडा, अंगठ्यासकट पाचही बोटं माझ्यासमोर.

"नको. मला नको सांगू. ते बरे हायत काय, तेवढंच सांग."

ते मला सांगता आलं नाही. माझ्याकडे फक्त पत्ता होता.