पाणीवाले डॉक्टर

खांद्याला मार लागला म्हणून सौंसरला डॉक्टरांकडे गेलं, की ते आधी पेशंटच्या हातात पाण्याचा पेला देत. खांदा त्यानंतर बघत. त्यामुळे सारा बाजार त्यांना पाणीवाले डॉक्टर म्हणे. मीसुद्धा त्यांची भरपूर थट्टा केली आहे.

एकदा लोधीखेड्याची एक बाई पोराच्या खांद्यावरचा उंचवटा पाहून रडत होती. "रडून काहून राहिली माय? लेकराचं हाड कोवळं असते. हात झोळीत ठेव, भरून येते," डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी एक शेटजी आपला उंचवटा दाबून बसवून मागत होते. त्यांना म्हणाले, "खांदा चालते ना? मंग राहू द्या. शर्टाखाली कोणाले दिसते?"

आमचं घर रामाकोन्याचं. एका संध्याकाळी बैलानं आमच्या ह्यांचा खांदा गोठ्याच्या खांबावर रेटला. टेंगूळ आलं नाही, उलट गळ्याखाली खळगा पडला. सासूबाईंनी गरम तेलानं चांगलं चोळून दिलं. सकाळी ह्यांचा आवाज बसलेला. 'चला, घरात शांतता झाली,' असं मी वर म्हणाले. दुपारी घास उतरेना, तेव्हा मात्र मी ह्यांना घेऊन सौंसर गाठलं.

डॉक्टरांनी पाणी दिलं. पहिल्याच घोटाला ह्यांना ठसका लागला.

"गळ्याजवळचं हाड सांध्यातून आत सरकलं. श्वासनळीवर अन् अन्ननळीवर टेकून राहिलं. आता कोणी हात लावू नका. नागपूरले न्या."

"तुम्हीच ओढून बसवा ना. आमचा तुमच्यावर भरवसा आहे."

"म्हणूनच नाही म्हणून राहिलो, बाई. हाडामागं मोठी रक्ताची नळी असते. ती फाटली तर माझ्याजवळ इलाज नाही."

भरलेला दवाखाना तसाच सोडून ते आमच्यासोबत जीपमध्ये बसले. वाटभर त्यांनी ह्यांना अंगाला टेकवून धरलं होतं. मी जामसांवलीच्या मारुतीला काय काय बोलले, ते त्यालाच ठाऊक. नागपुरात छातीचे सर्जन शेजारी उभे करून, ह्यांना बेशुद्ध करून, पाठीखाली वळकटी देऊन तिथल्या डॉक्टरांनी हात ओढला आणि हाड जागेवर आलं. हे कळल्यावर मी भर व्हरांड्यात आमच्या डॉक्टरांच्या पाया पडले. ते एवढे संकोचले, की चहा आणतो म्हणून निघूनच गेले.

पुढे काही वर्षांनी डॉक्टर मुलाकडे राहायला निघाले. स्टँडवर ह्यांनी त्यांची लोखंडी पेटी त्याच खांद्यावर घेतली आणि एस.टी.च्या शिडीवर चढू लागले. "अहो, जपून!" मी ओरडले.

"टोकू नका त्याहिले," डॉक्टर हळूच म्हणाले. "पाहू द्या मले थोडं."

हे टपावर पेटी ठेवून खाली उतरेपर्यंत डॉक्टर मान वर करून उभे होते. मग गाडीत चढले.