दाजी आणि जुनं पायथन

आमच्या दाजींइतका सावध माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळसला ऊस आणि डाळिंब करतात. कुठलीही नवी वस्तू ते आधी दुसऱ्याच्या घरात जुनी होऊ देतात. उसाचं नवं बेणं आलं की शेजाऱ्याच्या बांधावर बसून त्याची लागण बघणार, तोडणी बघणार, तोडणीनंतर फुटलेला खोडवासुद्धा बघणार, आणि "बरं दिसतंय" म्हणत घरी येऊन जुनंच लावणार. ताईला बघायला ते इतक्यांदा आले की शेवटी शेवटी आमची आई पोहे न करता नुसता चहा टाकायची. मोबाइल घेतला तोही कंपनीनं ते मॉडेल बंद केल्याची खात्री करूनच.

असे हे दाजी एके दिवशी बारामतीला माझ्या घरी आले आणि टेकायच्या आत म्हणाले, "पाव्हणं, आमाला प्रोग्रामिंग शिकायचं हाय. पहिली भाषा कुठली धरू?" मी चाटच पडलो. यामागचं कारण नंतर ताईकडून कळलं. भाची पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यापासून तिचे फोन कमी कमी होत चालले होते. दाजींनी एकदा विचारलं, दिवसभर करतीस तरी काय? ती सहज बोलून गेली, "अण्णा, तुमाला न्हाय कळायचं त्ये." दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. पोरीशी बोलायला आपल्याकडं काही उरलंच नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

मग चौकशी सुरू झाली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या इंजिनिअरनं सी सांगितली, संगणकाच्या क्लासवाल्या सरांनी जावा, आणि सांगवीच्या माझ्या मित्राच्या सुनेनं पायथन. दाजींचा प्रत्येकाला एकच सवाल: "सवताच्या लेकराला हीच शिकवाल का?" पहिले दोघं अडखळले, सूनबाई म्हणाली, "शिकवतीच की." पायथन ठरलं. राहिली आवृत्ती, दोन की तीन. सरांनी बजावलं, "दोन आता बंद झालं, त्यात यापुढं काही बदल व्हायचे नाहीत. सगळे तीनवर गेलेत." दाजींचा चेहरा खुलला. "म्हंजी दोनच घ्या. त्यात आता कुणी लुडबूड करणार न्हाय." सरांनी कपाळाला हात लावला.

दाजींनी दोनचं जुनं पुस्तक मिळवलं, भाचीचा घरी पडलेला लॅपटॉप काढला आणि डाळिंबाच्या कुठल्या तुकड्याला कधी पाणी सोडायचं, याचा प्रोग्राम लिहिला. तो चक्क चालला. मोठ्या ऐटीत त्यांनी तो भाचीला पाठवला. तिच्याकडं तीन, तिथं तो पहिल्याच ओळीला अडला. संध्याकाळी तिचा फोन आला. "अण्णा, ह्ये कुणी लिहिलं?" "म्या." मग ती खळखळून हसली आणि हेच तीनमध्ये कसं लिहायचं, ते ओळीओळीनं सांगत बसली.

तेव्हापासून दर रविवारी हेच चालतं. दाजी दोनमध्ये लिहितात, ती तीनमध्ये बसवून देते. मधेच तिच्या साहेबाचं निघतं, मेसच्या आमटीचं निघतं, ताईच्या गुडघ्यांचं निघतं. परवा शनिवारी कळसला गेलो तेव्हा म्हटलं, "दाजी, तीन फुकट मिळतं. लॅपटॉपवर टाकून देऊ का? पोरीचा तरी ताप वाचेल."

दाजींनी लॅपटॉप अलगद मिटला. "तीन येतंय की मला. कवाच शिकलो." मग आवाज उतरवून म्हणाले, "पर सगळं नीट चालाय लागलं, तर ती फोन कशापायी करंल?"

उद्या रविवार. आत ताई दाजींचा फोन चार्जिंगला लावत होती.